चेपलेली गाडी

पटो न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली. आणि भुताटकीला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते...

हे सगळं भर दुपारी घडलं. वाहत्या रस्त्याच्या कडेला.

मामा वेल्डर. त्यांचं वर्कशॉप बायपासच्या वळणाला लागून. ते वळण म्हणजे खाटीकखाना होता. हातातलं काम टाकून मामा कटर घेऊन धावायचे, पत्रा कापून माणसं बाहेर काढायचे. काही जिवंत असायची. बरीचशी नसायची.

आणि मामांची धाकटी लेक रोज स्कूटरवरून त्याच वळणाने कामाला जायची. ती घरी येईपर्यंत मामांचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग सरकारने देशभरासाठी उद्दिष्ट ठरवलं. रस्त्यावरचे मृत्यू आणि गंभीर जखमी निम्म्यावर आणायचे. रस्ता सुरक्षेचे साहेब आले. पायाला भिंगरी लावलेला माणूस. त्यांनी पट्टे मारले, कठडे बसवले, कॅमेरा लावला. आकडा काही हलेना. शेवटी त्यांनी अपघातातली एक चेपलेली गाडीच उचलून आणली. ती वळणावर उंच स्टँडवर चढवायची, म्हणजे ती बघून तरी लोकांचा पाय ब्रेकवर जाईल.

गाडीकडे बघवत नव्हतं. स्टिअरिंग सीटमध्ये घुसलेलं. दार उघडेना म्हणून चालवणारा आतच तडफडून मेला होता.

मामांनी स्टँड बनवला, गाडी चढवली. कोणी आत जाऊन बसू नये म्हणून दारं वेल्डिंगने बंद केली, खिडक्यांना जाळी मारली. काम एकदम चोख. तिथेच घोळ झाला.

त्या दिवसापासून वळणावर अपघात नाही.

एकही नाही.

साहेब खूश. मामी खूश. मामाही निवांत झाले होते. मग एका दुपारी भरधाव ट्रकचा ताबा सुटला आणि तो सरळ समोरच्या बसवर आला. मामांनी डोळे मिटले. धाडकन आवाज झाला... पत्रा फाटल्याचा, काचा फुटल्याचा.

डोळे उघडले तर बस पुढे निघून गेली होती. ट्रकही. रस्त्यावर काचेचा तुकडासुद्धा नव्हता.

आवाज वरून आला होता.

स्टँडवरच्या गाडीचं बॉनेट आणखी आत गेलं होतं. आणि जाळीतून काहीतरी ठिबकत होतं... कोमट, लाल. मामांनी बोटाला लावून पाहिलं. रक्त काय असतं ते त्यांना कोणी सांगायला नको होतं.

मग ते रोजचंच झालं. खाली कोणी चुकलं की दणका वर बसायचा. मग हाड मोडल्याचा आवाज. मग किंकाळी. वर्कशॉपमधल्या कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. मामांचं जेवण सुटलं. मामी वैतागून म्हणाली, एकदा कान दाखवून या. मामा म्हणाले, कान चांगले आहेत हेच तर दुखणं आहे.

आणि एक दिवस किंकाळीनंतर शब्द आले...

"दार उघडा ना. आता पुन्हा नको."

मामा मऊ मनाचे. त्यांनी शिडी लावली, कटर घेऊन वर चढले. जाळीतून आत पाहिलं. सीट रिकामी होती. पण सीटबेल्ट ताणलेला होता... आत कोणाची तरी छाती असावी तसा. मामांनी कटर दाराच्या फटीला लावला. वेल्डिंगचा पहिला टाका कापला.

मागे ब्रेक किंचाळले.

एक मोटरसायकलवाला टँकरखाली गेला. चाक डोक्यावरून. हेल्मेटसकट कवटी फुटली आणि सगळं रस्त्यावर पसरलं. त्याच्या मागची स्कूटर जेमतेम थांबली होती. तिच्यावर धाकटी होती. तोंडावर दुसऱ्याच्या रक्ताचे शिंतोडे.

जाळीआडून कोणीतरी अगदी कानाशी बोललं...

"थांबू नका. थोडंच राहिलंय."

मामा उतरले. वेल्डिंगचा होल्डर घेऊन पुन्हा वर चढले. कापलेला टाका भरला, वर आणखी टाके मारले. आतून दारावर बुक्के बसत होते, पत्रा बाहेर फुगत होता. मामा लहान मुलासारखे रडत होते.

"माफ कर बाबा. खाली माझी लेक आहे."

बुक्के थांबले.

"मलाही बाप आहे," आतून उत्तर आलं.

मामांनी होल्डर खाली ठेवला नाही.

त्या वर्षी साहेबांच्या भागाने उद्दिष्ट गाठलं. साहेबांचा सत्कार झाला. आता प्रत्येक धोक्याच्या वळणावर अशी गाडी लावायची ठरलंय, आणि काम मामांनाच मिळालंय. वर्कशॉपबाहेर चेपलेल्या गाड्यांची रांग लागली आहे. साहेबांनी सहज विचारलं, दारं बंद करायलाच हवीत का, खर्च वाढतो.

"हवीत," मामा म्हणाले.

मामांचं बरोबर की चूक, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. मीही त्याच रस्त्याने येते-जाते. अजून सुखरूप आहे.