पुलावरची लाल काठी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण माझे काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. त्या सकाळनंतर तर ते फारसे बोलतच नाहीत.

नदीवरचा तो जुना दगडी पूल संरक्षित स्मारक आहे. रुंदी एका गाडीपुरती. सिग्नलसाठी खिळा ठोकायलाही बंदी. म्हणून एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला त्यांचा मेहुणा, आणि दोघांत मिळून एक लाल काठी. काठी ज्याच्या हातात, त्याच्याच बाजूच्या गाड्या सुटायच्या. शेवटच्या गाडीबरोबर काठी पलीकडे जायची.

त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. काठी मेहुण्याकडे होती. इकडे काकांची मुलगी व्हॅनमध्ये खोळंबली होती. नर्सिंगचा शेवटचा पेपर होता.

"बाबा, सोडा ना! पेपर बुडेल माझा."

"काठी येऊ दे, बाई. मामा तुझा झोपलाय की काय तिकडे?"

अचानक नदीचा आवाज येईनासा झाला...

मग पावलं वाजली. कोणीतरी चालत आलं आणि काकांच्या हातात काठी ठेवली. ओलीचिंब.

काठी मिळाली की आधी पलीकडे फोन करायचा, हा नियम.

"बाबा!" मुलगी रडकुंडीला आली होती.

काकांनी न विचारताच व्हॅन सोडली.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणा होता.

"भावोजी, टेम्पो सोडलाय. काठी त्याच्याकडेच दिलीय."

काकांनी हाताकडे पाहिलं...

हात रिकामा होता. नुसता ओला.

ते ओरडत पुलावर धावले. समोरून टेम्पो आला. साधा ओरखडाही नाही. ड्रायव्हरने काठी पुढे केली.

"व्हॅन कुठंय?"

"कसली व्हॅन? समोर चिटपाखरूही नव्हतं."

पुन्हा फोन. मुलगी.

"बाबा, पोहोचले मी. पण टेम्पो अंगावरच आला... आणि आरपार गेला. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मीच बसले होते, बाबा."

टेम्पोचं डावीकडचं दार उघडं होतं.

संध्याकाळी मुलगी घरी आली. पेपर सोपा होता म्हणाली. जेवायला बसली.

आणि दारावर थाप पडली...

"बाबा, उघडा ना. उशीर झाला मला."

तोच आवाज.

ताटावरच्या मुलीने मान वर केली. "उघडू नका, बाबा."

काकांनी कडी काढली नाही. बाहेरची खूप वेळ रडली. मग पावलं पुलाकडे गेली.

मुलगी आता नर्स आहे. वडिलांना फुलासारखं जपते. काका मात्र तिच्या तोंडाकडे बघत नाहीत.

मला एकदाच म्हणाले, "त्या दिवशी दुसऱ्यांदाही मी न विचारताच ठरवलं रे."