आजोबांच्या डोळ्यांतले ठिपके

कस्तुरीला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही चष्मा काढून सुईत दोरा ओवणाऱ्या आजोबांचे डोळे नेत्रपेढीने नाकारले कसे?

आजोबा, म्हणजे आईचे वडील तात्या, दोन महिन्यांपूर्वी गेले. नेत्रदानाचा अर्ज त्यांनी फार पूर्वीच भरला होता, आणि आईने रडू आवरून नेत्रपेढीला फोन केला होता. आठवड्याने निरोप आला : 'हे डोळे कुणाला बसवता येणार नाहीत. अहवाल जोडला आहे.' आईने अहवाल उघडलाच नाही. "तात्यांनी दिलेलं आजवर कुणी नाकारलं नव्हतं," एवढंच ती म्हणाली. मग घरात तो विषय कुणी काढेना.

आज आई आणि दोघी बहिणी कुडाळच्या नेत्रालयात आल्या होत्या. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रतळावरील प्रयोगशाळेसाठी उल्काताईची निवड झाली होती. पाणबुड्यांच्या शिरस्त्राणात चष्मा मावत नाही, म्हणून उद्या लेसरने तिचा नंबर घालवायचा होता. माहिती टिपायला यंत्रमानव होता. त्याला सगळे बंडोपंत म्हणत.

"मधुमेह? झोप नीट लागते? घरात कुणाला डोळ्यांचा आजार?"

"बंडोपंत, शस्त्रक्रिया करताय की स्थळ बघताय?" ताई म्हणाली.

"स्थळाला इतके प्रश्न विचारले नसते. आजार?"

"नाही," आई म्हणाली.

"पण आजोबांचे डोळे घेतले नाहीत ना!" कस्तुरी बोलून गेली.

"कस्तुरी! चारचौघांत काय बोलावं, कळतं का?"

बंडोपंत मात्र थबकला. "बाई, नेत्रपेढीने अहवाल दिला असेल ना? बघू?"

आईने तोंड फिरवूनच फोन पुढे केला.

आजोबांच्या कॉर्नियात (बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यात) पावाच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके सापडले होते. बंडोपंताने लगेच ताईच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि ती तपासणीयंत्रात ठेवली.

"डोळ्यांची तपासणी गालातून?" कस्तुरीने विचारलं.

"जनुक (शरीराने काय नि कसं बनवायचं, याची पेशीतली लेखी सूचना) सगळीकडे सारखंच असतं. कॉर्नियातलं एक प्रथिन अशाच सूचनेवरून बनतं. तिच्यात एक अक्षर बदललं, की प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि साचतात. तेच हे ठिपके."

"मग आजोबांना दिसायचं कसं?"

"फार सावकाश साचले असतील. समोरच्या गाडीचे दिवे मात्र त्रास देत असणार."

"हो! ते गाडी बाजूला घेऊन थांबायचे!"

"आता बघ. लेसर कॉर्निया तासतो. म्हणजे जखम झाली. ती भरायला शरीर तेच प्रथिन भराभर बनवतं."

कस्तुरीने क्षणभर विचार केला. "म्हणजे बिघडलेलंच भराभर बनणार! ताईला धूसर दिसायला लागेल!"

"काही वर्षांतच."

"पण माझे डोळे तर स्वच्छ आहेत," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी बघितलेत."

"ठिपके उशिरा येतात. अक्षर जन्मापासून बदललेलं असतं. म्हणून तर ही तपासणी."

यंत्र वाजलं. अक्षर बदललेलं होतं.

ताईने चष्मा काढून हातात घेतला. "म्हणजे प्रयोगशाळा गेली."

"लेसर गेला. शिरस्त्राणाच्या काचेतच नंबर घालून मिळतो, पण मागावा लागतो. आजवर कुणी मागितला नसेल, इतकंच. आज अर्ज पाठवू."

आई आता पहिल्यांदाच अहवाल वाचत होती. शेवटच्या ओळी तिने मोठ्याने वाचल्या : 'या कॉर्नियातल्या पेशी आम्ही वाढवत आहोत. बदललेलं अक्षर दुरुस्त करण्याचे प्रयोग त्यांच्यावर सुरू आहेत. कुटुंबीयांचे आभार.'

"तात्यांनी आधी घरातलेच डोळे वाचवले," ती हळूच म्हणाली. मग तिने डोळे पुसले. "बंडोपंत, हे उल्काकडे माझ्याकडूनच आलं असणार. मग माझेही डोळे कुणाला बसवता येणार नाहीत?"

"तसंच दिसतं. पण अभ्यासाला नक्की उपयोगी पडतील."

"मग लिहून घ्या माझं नाव. तात्यांच्या नावाखालीच."

"माझंही!" कस्तुरी म्हणाली.

"तू आधी तपासून घे. आईकडून ते अक्षर येण्याची शक्यता निम्मीच असते," बंडोपंत म्हणाला. "तुझे डोळे कदाचित कुणाला बसवताही येतील. शंभर वर्षांनी. घाई नाही."

कस्तुरीने कापसाच्या काडीसाठी मोठ्ठा आ केला.