तारेचं दुसरं टोक

तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू द्या, पण मला गोष्टी रचता येत नाहीत. मी शेताच्या कुंपणाच्या, कारल्याच्या मांडवाच्या तारा ओढणारा माणूस आहे. हे यंदा दिवाळीनंतर घडलं. केज तालुक्यात, मांजरा धरणाच्या पाण्यावर, दिवस बुडताना.

तारेचं काम मी आणि माझी बायको शिवकन्या मिळून करायचो. एक टोक माझ्याकडं, दुसरं तिच्याकडं. लांब शेतात वाऱ्यानं हाक ऐकू जात नाही, म्हणून ती तारेला हिसका द्यायची.

एक हिसका म्हणजे ओढा.

दोन म्हणजे बस.

तिकडची खुंटी, तिकडची गाठ तीच बघायची. मी ते टोक कधी तपासलं नाही.

श्रावणात ती तापानं गेली.

नंतर माझ्या भाच्याचा, बसवेशचा फोन आला. त्यानं लोकांना पाण्यावर फिरवायला मुंबईहून शिडाची जुनी बोट आणली होती. बोटीच्या कडेनं लोखंडी दांड्या आणि त्यांतून ओवलेली तार. माणूस पाण्यात पडू नये म्हणून.

"मामा, तारा लई ढिल्या झाल्यात. उद्या पहिली फेरी हाय. ईश्वरी पण लेकराला घेऊन यायलीय."

ईश्वरी माझी लेक.

"मुंबईवाल्यानं का न्हाई करून दिलं?"

"त्यो बोट विकून पळाला की, मामा!"

मी गेलो. बोट काठाला बांधलेली होती. बसवेश सामान आणायला मोटारसायकलवर केजला गेला होता. बोटीवर मी एकटाच.

तार पार लोंबत होती. मागच्या टोकाला टर्नबकल होता. तो फिरवला की तार ताणली जाते, कुंपणालाही आम्ही तोच लावतो. पुढचं टोक गुंडाळलेल्या शिडामागं झाकलेलं होतं.

मी एक फेरा दिला.

…आणि तारेला हिसका बसला.

एकच.

लोंबणारी तार एकदम सरळ झाली.

"बसवेश, आलास का बे?"

वळून बघितलं, काठावर मोटारसायकल नव्हती.

सवयीनं हात फिरला. पुन्हा एक हिसका. पुन्हा फिरवला. पुन्हा एक.

तेव्हा लक्षात आलं… रातकिडे गप्प झाले होते. बोटीला लागणाऱ्या पाण्याचाही आवाज नव्हता.

"शिवकन्या?"

…एक हिसका.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. ती गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. मी रडत होतो आणि फिरवत होतो.

तार आता वाजायला लागली होती. एरवी तिनं केव्हाच दोन हिसके दिले असते. वर ओरडली असती, "अवं, तुटंल ना! डोळे फुटले का तुमचे?"

मी विचारलं, "बस का गं?"

…एक हिसका.

फिरवलं.

टक्.

तारेच्या पिळातला एक पदर तुटला.

माझ्या डोळ्यांसमोर ईश्वरीचं लेकरू आलं. दोन्ही हातांनी ही तार धरून उभं. अशी तार वरून घट्ट दिसते, आणि कुणी रेललं की तुटते.

मी हात काढला.

"आता न्हाई ओढत."

तारेला ओढ बसली. हिसका नाही, ओढ. सगळी बोट पुढच्या अंगाला झुकली. मी दांडी धरून खाली बसलो.

"मामा! कुणाशी बोलायलाव?"

काठावर बसवेश होता. त्याच्या टॉर्चचा उजेड बोटीच्या पुढच्या टोकावर पडला, आणि तार खळकन खाली पडली.

तो फळीवरून आत आला.

"तार कशाला ताणायलाव, मामा? पुढं तार अडकवायची पिन गंजली होती, मी काढून घेऊन गेलतो. ही बघा नवी."

तारेचं पुढचं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.

त्यानं तुटलेला पदर बघितला. बोटानं चाचपला.

"बांधलेली नसताना… तुटली कशी?"

तिथूनच ईश्वरीला फोन लावला. उद्या येऊ नको, लेकराला आणू नको. कारण विचारत होती, शेवटी सगळं सांगितलं.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आप्पा, आई होती का?"

अजूनही फोन केला की तेच विचारते.

हो म्हणावं, तर तिची आई तिच्याच लेकराच्या जिवावर उठली असं होतं. नाही म्हणावं, तर मी ज्याच्याशी रडत बोललो ते दुसरंच काही होतं.

मी फोन ठेवून देतो.