उलटा भरलेला खड्डा

ऑफिसातल्या कोणीतरी जिल्ह्याच्या नकाशावर डोळे मिटून ठिपके टाकले होते, आणि त्यातला एकशे बारावा ठिपका नेमका त्याच्या शेतात पडला. त्या दोघांच्या भेटीमागे नशिबाचा हात होता तो एवढाच.

ती माती तपासणाऱ्या खात्यात होती. ठिपका पडेल तिथे जायचं, छातीएवढा खड्डा खणायचा, मातीचे थर मोजायचे, नमुने पिशव्यांत भरायचे आणि पाचच्या बसआधी खड्डा बुजवून निघायचं. अकरा वर्षं हेच चाललं होतं. त्या सगळ्या टेकड्या तिला आतून ठाऊक होत्या. माथ्यावर पातळ मुरमाड माती आणि गवत, उतारावर गहू, खाली ओढ्याकाठी काळी खोल जमीन आणि भाजीचे मळे. टेकड्यांवरच्या एकाही घरात मात्र ती कधी चहापुरतीसुद्धा बसली नव्हती. लोक तिला ‘मातीवाल्या मॅडम’ म्हणत आणि कुंपणाबाहेरूनच नमस्कार करत.

त्या दिवशी खणणारा माणूस आजारी होता, म्हणून ती स्वतःच कुदळ घेऊन उतरली. गुडघाभर खणून झालं तेव्हा बांधावरून आवाज आला.

“काही हरवलंय का?”

“नाही.”

“मग काही पुरताय?”

तिने वर पाहिलं. हातात रिकामी बादली घेतलेला एक उंच माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने उभा होता. तिला हसू आवरेना. हसल्यावर आपला आवाज कसा येतो हे ती विसरूनच गेली होती.

मग त्याने बादली ठेवली आणि कुदळ घेतली. खणताखणता तो बोलत राहिला. वरच्या घरात तो एकटाच राहायचा. शेजारची घरं एकेक करून खाली रस्त्याकडेला गेली होती. त्याची आत्यासुद्धा खालीच राहायची आणि भेटेल तेव्हा विचारायची, वर काय वारा खातोस का? बोलायची सवय राहावी म्हणून तो बैलांशी भांडायचा म्हणे.

“मातीचंही तसंच असतं,” ती म्हणाली. “दर पावसात थोडी थोडी खाली उतरते. माथ्यावर उरतात ते दगड.”

“म्हणजे मी दगड.”

“मी… तसं नाही म्हटलं.”

“म्हणा की. कोणीतरी काहीतरी म्हटलं, हेच खूप झालं.”

तिने मातीचा गोळा ओला करून अंगठ्याने त्याची पट्टी काढून दाखवली. पट्टी जितकी लांब निघते तितकी माती चिकण. त्याची पट्टी सारखी तुटत होती, म्हणून तिने त्याचा अंगठा धरून नीट टेकवला – आणि मग हात काढून घ्यायला जरा उशीरच केला. दोघांनीही मातीकडेच बघायचं ठरवलं.

खड्डा बुजवायचा एक नियम असतो. वरची काळी माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला. भरताना तांबडी आधी, काळी शेवटी. चुकलं तर त्या जागी वर्षानुवर्षं धड काही उगवत नाही. पाच वाजत आले होते, बोलणं संपत नव्हतं, आणि तिने पहिलं फावडं काळ्या ढिगात घातलं. बसमध्ये बसून मागे पाहिलं तेव्हा काळ्याभोर शेतात तांबडा चौकोन दिसला. अकरा वर्षांत तिने असा घोळ कधी घातला नव्हता.

ती परत गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार? पण तिची मंगळवारची बस त्याच रस्त्याने जायची, आणि ती नेहमी डावीकडची खिडकी पकडायची. गहू उगवला, हिरवा झाला, पिवळा झाला, आणि मधला चौकोन बोडकाच राहिला. खोलीवर परतल्यावर एकाच माणसाची भांडी घासताना तिला तो चौकोन आठवायचा. जगात कुठेतरी आपली एवढी तरी खूण आहे, असं वाटायचं आणि रडू यायचं.

वर्षाने तिच्या बदलीचा हुकूम आला, दूरच्या सपाट मुलखात. त्याच आठवड्यात त्या बोडक्या चौकोनाबद्दल त्याची तक्रारही आली. साहेब म्हणाले, ही निकाली काढा, मगच तुम्हाला सोडतो.

ती सकाळीच पोहोचली. त्याने दोन फावडी तयार ठेवली होती. दिवसभर दोघांनी तो खड्डा पुन्हा उपसला आणि या वेळी क्रमाने भरला. बोलणं फारसं झालं नाही. शेवटचा काळा थर पसरून झाल्यावर तो फावड्याच्या दांड्यावर टेकून उभा राहिला.

“तुम्ही चुकीच्या ढिगात फावडं घातलंत ते मला दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर काम नीट झालं असतं… आणि तुम्ही परत आला नसता.” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “मला वाटलं, आठवड्यात याल. वर्ष वाट पाहिली. मग तक्रार लिहिली. तीनदा फाडली.”

स्वतःची जमीन नासू देणारा शेतकरी तिने पाहिला नव्हता.

“मलाही माहीत होतं,” ती म्हणाली. “त्याच दिवशी, बसमधून दिसलं. दर मंगळवारी बघत होते मी.”

तिने पिशवीतून तक्रारीचा कागद काढला. खाली दोन रकाने होते, काम पूर्ण आणि काम अपूर्ण. बदलीचंही तिने सांगून टाकलं, आणि तक्रार निकाली निघाली की जावं लागेल हेही. त्याचा चेहरा उतरला, तरी त्याने निमूटपणे सहीसाठी हात पुढे केला.

तिने कागद दिला नाही. गुडघ्यावर टेकवून ‘अपूर्ण’पुढे खूण केली, खाली लिहिलं, ‘पीक उगवल्याची खात्री होईपर्यंत’, आणि सही ठोकली.

“आणि पीक उगवलं की?” त्याने हळूच विचारलं.

“मग तुम्ही दुसरी तक्रार करा.”

खालच्या रस्त्यावर पाचची बस थांबली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“चल,” तो म्हणाला. ‘तुम्ही’ म्हणायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. “चहा टाकतो.”

दारात तिने चिखलाचे बूट काढले आणि त्याच्या बुटांशेजारी ठेवले.