बाबांची किडनी आईला का चालेना?

आईचा रक्तगट बी, बाबांचाही बी. बाबांच्या दोन्ही किडन्या (मूत्रपिंडे) ठणठणीत. द्यायला ते तयार होते, तसं त्यांनी घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि तरी तपासणी होऊन आल्यावर ते एवढंच म्हणाले, "जमत नाही म्हणतात. जुळत नाही."

बारा वर्षांच्या ऋत्वी चौगुलेला हे गणित काही केल्या सुटेना. रक्तगट जुळला की काम झालं, असं तिने शाळेत ऐकलं होतं. मग अडलं कुठे?

आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिला मिरजेच्या रुग्णालयात डायलिसिसला (यंत्राने रक्त गाळून घ्यायला) जावं लागे. परत आली की ती गादीवर पडून राही, हाक मारली तरी नुसती मान हलवी. ऋत्वीला हे बघवत नसे.

त्या दिवशी आईला यंत्रावर घेतलं होतं. ऋत्वी पाणी प्यायला प्रयोगशाळेच्या बाजूला गेली, तर अर्धवट लोटलेल्या दारातून तिला बाबांचा आवाज ऐकू आला.

"ऋत्वीला यातलं काही कळता कामा नये. तुम्ही तेवढं सांभाळा."

ती तिथेच थांबली. बाबा बाहेर आले, तिला पाहून दचकले आणि म्हणाले, "अगं, तू इथे? चल, भूक लागली असेल." तिच्याकडे न बघताच ते चालायला लागले.

ऋत्वीच्या मनात एकच गोष्ट घुमायला लागली. बाबा घाबरले. पोट फाडून घ्यायला घाबरले आणि आता डॉक्टरांना हाताशी धरून जुळत नसल्याचं सांगतायत. जेवताना त्यांचा घास हातातच राहिला, तेव्हा तिला वाटलं, मन खातंय त्यांचं. आईने विचारलं, "ऋत्वी, गप्प का गं?" तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे आईलाही माहीत होतं की काय? सगळे मिळून काय लपवत होते?

दुसऱ्या खेपेला ती सरळ प्रयोगशाळेत शिरली.

तिथे डॉ. यास्मिन मुजावर बसायच्या. केस पांढरेशुभ्र, पायात खेळायचे बूट. रोगप्रतिकारशास्त्र (शरीर परक्या गोष्टींशी कसं लढतं याचा अभ्यास) हा त्यांचा विषय. शेजारी पारख नावाचा यंत्रमानव होता, म्हणजे चाकांवरचा एक खांब, त्याला चार बारीक हात आणि एक पडदा. रक्ताच्या चाचण्या तोच करी.

"माझ्या बाबांची किडनी खरंच जुळत नाही का?" ऋत्वीने विचारलं.

"नाही जुळत," पारख म्हणाला. "क्रॉसमॅच (जुळणीची चाचणी) प्रतिकूल आहे."

"तुला तसं बोलायला सांगितलं असेल कुणीतरी."

मुजावर मॅडमनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. "संशय घेतलास, हरकत नाही. पण नुसता घेऊन बसू नकोस, तपासून बघ. कसा तपासशील?"

ऋत्वी विचारात पडली. "आधी ही चाचणी काय असते ते सांगा."

मॅडमनी समजावलं, "आपल्या प्रत्येक पेशीवर ओळखखुणा असतात. रक्तगट ही त्यातली एक, पण तिच्याशिवाय आणखी पुष्कळ असतात. माणसागणिक त्या वेगळ्या. शरीराचे पहारेकरी या खुणा वाचतात. अनोळखी खूण दिसली की ते तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं (परक्या खुणेला नेमकं जाऊन चिकटणारी प्रथिनं) तयार करतात. ती चिकटली की रक्तातली मदतनीस प्रथिनं त्या पेशीला भोकं पाडून मारतात."

"पण माझी आई रोपवाटिकेत एका आंब्यावर दुसऱ्याचं कलम बांधते. ते लागतंच की."

"झाडांच्या अंगात असे रक्तातून फिरणारे पहारेकरी नसतात. आपल्या असतात. म्हणून आईच्या रक्तातला रक्तद्रव (पेशी काढून उरलेलं पिवळसर पाणी) घ्यायचा, त्यात बाबांच्या पांढऱ्या पेशी सोडायच्या आणि मदतनीस प्रथिनं घालायची. पेशी जगल्या तर पुढे जाता येतं. मेल्या, तर किडनीचंही तेच होईल, कदाचित ऑपरेशनच्या टेबलावरच."

ऋत्वीने पारखकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "कुठली नळी कुणाची हे याला कळता कामा नये. तुम्हालाही नाही. चिठ्ठ्या मी लावणार."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या.

"आणि नळ्या चार हव्यात. बाबांच्या पेशी, आईच्या स्वतःच्या, कुणातरी परक्या माणसाच्या, आणि माझ्या."

मॅडमनी चमकून वर पाहिलं. "तुझ्या कशाला?"

"मी आईच्या पोटातून आलेय. माझ्या पेशी तिला परक्या वाटणारच नाहीत. याने मलाही नकार दिला, तर समजायचं की हा खोटं बोलतोय."

मॅडम म्हणाल्या, "यासाठी तुझ्या आईबाबांना विचारायला हवं," आणि फोन घेऊन काचेपलीकडे गेल्या. त्या हळू आवाजात बोलत होत्या, मध्येच थांबत होत्या. ऋत्वीचा संशय आणखी पक्का झाला. थोड्या वेळाने त्या परत आल्या. "आई हो म्हणाली. बाबांनी वेळ घेतला, पण तेही हो म्हणाले."

पारखने ऋत्वीच्या बोटातून रक्त घेतलं. बाकीचे नमुने शीतपेटीत होतेच, परक्या माणसाचा नमुना प्रयोगशाळेच्या साठ्यातला. पारख आणि मॅडम दोघांनाही पाठ फिरवायला लावून ऋत्वीने नळ्यांची जागा बदलली आणि चित्रं चिकटवली. आईची चांदणी, परक्या माणसाचं पान, बाबांचा मासा, स्वतःची छत्री. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

पारखने चारही नळ्यांमध्ये आईचा रक्तद्रव घातला, मग मदतनीस प्रथिनं, शेवटी रंग. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. पडद्यावर चार चौकटी उमटल्या, चारही हिरव्यागार. ऋत्वी पापणी न हलवता बघत होती. हळूहळू एका चौकटीत लाल ठिपके उठले, मग दुसरीत. बघता बघता त्या दोन चौकटी लालच झाल्या.

"चांदणी आणि पान, पेशी जिवंत," पारख म्हणाला. "मासा आणि छत्री, पेशी मेल्या."

"खोटं आहे हे," ऋत्वी म्हणाली. "छत्री म्हणजे मी."

"पुन्हा करू या," मॅडम म्हणाल्या. "चित्रं बदल."

तिने बदलली. पुन्हा त्याच दोन माणसांच्या पेशी लाल झाल्या. पारखला नावं माहीतच नव्हती, तेव्हा खोटं बोलायला वावच उरला नव्हता. बाबा खरं बोलत होते. पण मग दुसरंच काहीतरी समोर आलं होतं आणि ते ऋत्वीला जास्त भयंकर वाटलं.

"आईचं रक्त मला मारतं?"

मॅडमनी खुर्ची ओढून तिला जवळ बसवलं. "तुझ्या निम्म्या खुणा आईकडून आल्यात, निम्म्या बाबांकडून. तू पोटात होतीस तेव्हा, आणि जन्मताना तर जास्तच, तुझं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं. पहाऱ्यावरच्या पेशींनी बाबांच्या खुणा तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली. सगळ्या आयांच्या बाबतीत असं होत नाही, तुझ्या आईच्या झालं. ती खूण तिचं शरीर अजून विसरलेलं नाही. त्या परक्या माणसाच्या खुणांशी तिची कधी गाठच पडली नव्हती, म्हणून त्याच्या पेशी वाचल्या."

"मग मी पोटात असताना मेले कशी नाही?"

"मध्ये वार असते, बाळ आणि आई यांना जोडणारी. असली प्रतिपिंडं ती वाटेतच अडवते."

ऋत्वीने पडद्यावरच्या लाल चौकटीवर बोट ठेवलं. "म्हणजे बाबांची किडनी चालत नाही, ती माझ्यामुळे."

"तुझ्या जन्मामुळे, हे खरं आहे. तुझी चूक, हे खरं नाही. ही दोन वाक्यं कधी एकत्र करू नकोस."

दार उघडलं. बाबा धापा टाकत आले होते. ऋत्वी उठली, पण पुढे झाली नाही.

"मला वाटलं, तुम्ही घाबरलात," ती म्हणाली.

"घाबरलोच होतो," बाबा म्हणाले. "ऑपरेशनला नाही. तुझ्या जन्मामुळे हे झालं असं कळल्यावर तू असं तोंड करून बसशील, त्याला." मग त्यांनी तिला जवळ घेतलं.

बाबांची किडनी आईला चालणार नव्हती, पण आणखी कुणाला तरी चालली असती. मुजावर मॅडमनी तशी जोडी आधीच शोधायला घेतली होती. सांगोल्याच्या शिल्पा वाघमोडेंची हीच अडचण होती. नवरा मंगेश द्यायला तयार, रक्तगटही दोघांचा बीच, पण शिल्पाताईंच्या प्रतिपिंडांनी नवऱ्याच्या पेशी मारल्या होत्या. सांगोल्याहून नमुने घेऊन आलेलं ड्रोन रुग्णालयाच्या गच्चीवर उतरलं, तेव्हा ऋत्वी मॅडमच्या शेजारी उभी होती. "हे तुम्ही माझ्यासमोर करा," तिने बजावलं.

आईच्या रक्तद्रवात मंगेश वाघमोडेंच्या पेशी हिरव्या राहिल्या. शिल्पाताईंच्या रक्तद्रवात बाबांच्या पेशी हिरव्या राहिल्या. ऋत्वीने पडद्याला जवळजवळ नाक लावलं होतं. एकही लाल ठिपका उठला नाही.

चारही ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. मंगेशरावांची किडनी आईला, बाबांची शिल्पाताईंना. म्हणजे अदलाबदल.

"आता आईचे पहारेकरी गप्प बसतील?" ऋत्वीने विचारलं.

"पूर्ण नाही. त्यांना शांत ठेवायला रोज औषधं लागतील, आणि प्रतिपिंडं नव्याने बनतात का, ते आम्ही पुन्हा पुन्हा तपासू," मॅडम म्हणाल्या. "खरं तर त्यांना शिकवायला हवं, की हा पाहुणा आपलाच आहे. मग औषधांची गरज उरणार नाही. काही ठिकाणी थोडंफार जमलंय. सगळ्यांसाठी जमायचंय अजून. तुझ्यासारख्या संशयी मुली या कामाला लागतील."

ऋत्वी आत गेली. आई उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर थकवा होता, पण डोळे टवटवीत होते. खाटेखालच्या पिशवीत नव्या किडनीने गाळलेली लघवी जमत होती आणि नर्स त्या पिशवीकडे कौतुकाने बघत होती. आजारपणात आईला पाणी घोट घोट मोजून मिळायचं, कारण जास्तीचं पाणी बाहेर टाकायला चालती किडनीच नव्हती. कडक उन्हातही ती ओठ ओले करून थांबायची.

"आता पाणी प्या भरपूर," नर्स म्हणाली.

ऋत्वीने ग्लास काठोकाठ भरून आईच्या हातात दिला. आईने तो दोन्ही हातांनी धरला, न थांबता रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.