लायटरमधली काडी

वारंगा फाट्यावर पुनमचंदची टपरी आहे. घड्याळ, छत्री, बॅटरी, कुकरची शिट्टी, जे जे बंद पडतं ते तिथं चालू होतं. बंद होत नाही ते फक्त पुनमचंदचं तोंड. एका तापल्या दुपारी सिंधूबाई टपरीसमोर येऊन उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि तिनं काचेवर एक लायटर ठेवलं. आणि फाट्यावरच्या लोकांना आजही खरं वाटत नाही, पण पुनमचंद बोलता बोलता गप्प झाला.

"हे... ग्यानबाचं?" त्यानं विचारलं.

"व्हय. दुरुस्त करून द्या."

पुनमचंदनं लायटरला हात लावला नाही. त्याला आत काय आहे ते ठाऊक होतं. सिंधूबाईलाही होतं. जगात हे दोघांनाच ठाऊक होतं, कारण तिसरा ते न कळताच गेला होता.

ग्यानबा म्हणजे सिंधूबाईचा नवरा. कळमनुरीच्या अलीकडं, गावापासून लांब, माळाच्या कडेला त्यांचा आखाडा. एक पत्र्याचं घर, पुढं ओटा, बाजूला मेंढरांचा वाडा, आणि माळ उतरून गेलं की एक जुनी दगडाची खदान. ग्यानबाच्या दोन गोष्टी पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. एक त्याची बिडी आणि दुसरं हे लायटर. पत्र्याचं, स्वस्तातलं, पितळी मुलामा कधीच उडालेलं. बुडाला गॅस भरायचं भोक, त्याच्याशेजारी एक बारका स्क्रू. स्क्रूच्या आत स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या पुढं चकमकीचा खडा, तुरीच्या डाळीएवढा. चाक त्या खड्यावर घासलं की ठिणगी. खडा झिजला की तो बदलायचा, एवढंच.

पण ग्यानबाची बोटं मेंढा शिंगाला धरून थांबवायची होती. त्यानं स्क्रू उघडला रे उघडला की स्प्रिंग टुणकन उडायची. कधी चुलीत, कधी कालवणात. एकदा तर ती एका मेंढीच्या लोकरीत शिरली आणि थेट कातरणीला निघाली, तेही कातरणाऱ्याच्या अंगठ्यात रुतून. उभ्या जन्मात ग्यानबाला तो स्क्रू धड बसवता आला नाही. खडा बदलायचा तर वारंगा फाटा गाठायचा, पुनमचंदसमोर उकिडवं बसायचं.

सिंधूबाईला त्या बिडीचा राग. रात्री ग्यानबा खोकायला लागला की वाड्यातली मेंढरंसुद्धा जागी व्हायची. एकदा ग्यानबा फाट्यावर जाणार म्हणून कळल्यावर तिनं आदल्या बाजाराच्या दिवशीच पुनमचंदला गाठलं.

"पुनमभाऊ, ह्या खेपेला खडा टाकू नका त्यात."

"मग काय टाकू, वहिनी? साखर?"

"काडी टाका. काडीपेटीतली. चाक फिरलं पायजे, पेटलं न्हाई पायजे."

पुनमचंद पोट धरून हसला आणि त्यानं तसंच केलं. गुल मोडलेल्या काडीचा एक तुकडा, बराबर खड्याच्या मापाचा. चाक फिरे, लाकडावर घासे, ठिणगीचा पत्ता नाही. ग्यानबा लायटर झटकी, फुंकी, गॅस गारठला असेल म्हणून मुठीत धरून ऊब देई. "म्हातारं झालं लेकाचं," म्हणे. सिंधूबाई तोंडाला पदर लावून चुलीकडं वळे. माळावरची बिडी खरोखरच कमी झाली, आणि खोकलाही.

मग पौषातल्या एका धुकट संध्याकाळी एक कोकरू वाड्यात आलं नाही. ग्यानबाचा मोबाइल घरात चार्जिंगला होता. तो तसाच काठी घेऊन खदानीकडं गेला. कोकरू दुसऱ्या वाटेनं आपलं आपण घरी आलं. ग्यानबा आला नाही. गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन खदानीच्या काठानं हाका मारत फिरली, पण धुक्यात तळ दिसेना, आणि खालून ओ येईना. सकाळी तो सापडला. पाय अंगाखाली मुडपलेला, छाती दगडावर आपटून चेपलेली, मुठीत लायटर, अंगठ्याची कातडी पार सोललेली.

"रातभर चाक फिरवून राहिला असंल बिचारा," कुणीतरी म्हणालं. "एक ठिणगी जरी दिसली असती तरी आमी उतरलो असतो खाली."

सिंधूबाईनं ते ऐकलं आणि त्याच्या मुठीतलं लायटर सोडवून घेतलं.

दिवस झाले, पाव्हणे-रावळे परतले, लेक साधना हिंगोलीला सासरी गेली. आखाड्यावर सिंधूबाई आणि मेंढरं. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, खदानीच्या बाजूनं आवाज आला.

खुर्र... खुर्र...

खड्यावर फिरलं की चाक कसं चरचरीत बोलतं, खर्र्. काडीवर फिरलं की आवाज बसका येतो, घोंगड्यात तोंड घालून कुणी घसा साफ करावा तसा. हा फरक दुसऱ्या कुणाला कळला नसता. सिंधूबाई उठली, ट्रंक उघडली. लायटर कपड्यांखाली होतं, गार, जसंच्या तसं. तिनं ते हातात घेतलं आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

खुर्र... खदानीत आवाज झाला, आणि तिच्या अंगठ्याखाली चाक हललं.

दुसरी बाई असती तर त्याच पावली गाव गाठती. सिंधूबाई ओट्यावर बसली. अंधार पूर्ण पडेपर्यंत आवाज येत राहिला आणि मग थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर बसायला पोतं अंथरलं. पुढं पुढं ती त्याच्याशी बोलायला लागली. तूर काढून झाली, काळ्या मेंढीला दोन झाली, साधनाचा फोन आल्ता, असं काहीबाही. ती बोलायला लागली की खुर्र थांबायची. बोलणं संपलं की पुन्हा सुरू. मेंढरं मात्र त्या वेळेला खदानीकडं पाठ करून एकमेकांत डोकी खुपसून भर उन्हात राहतात तशी उभी राहत, ऊन नसतानाही.

"आई, एकटी काहून राहून राहिलीस तिथं?" साधना फोनवर म्हणायची. "मेंढरं इकून टाक. इकडं ये."

"एकटी कुठं हाव मी," सिंधूबाई म्हणाली.

खरं विचाराल तर सिंधूबाईला आवाजाचं भ्या नव्हतंच. भ्या होतं ते तो थांबायचं. काडी काढून खडा घातला तर त्याला उजेड मिळंल, वाट दिसंल, तो जाईल. मग ह्या ओट्यावर कोण? म्हणून तिनं कितीतरी दिवस लायटर हाती धरून नुसतं बसून काढले. अंगठा चाकावर ठेवायचा. ते हललं की वाटायचं, हात हातात आहे.

असं करता करता तिचा स्वतःचा अंगठा काळा पडला. आधी डाग, मग भेग, मग एका सकाळी भाकरी थापताना कातडी सुटून पिठाला लागली. तिनं त्या अंगठ्याकडं पाहिलं. आपला संध्याकाळपुरता असा झाला, तर त्यांचा कसा झाला असंल. चूल विझवून ती तशीच निघाली आणि दुपारच्या उन्हात फाट्यावर आली.

तर पुनमचंद गप्प झाला होता.

शेवटी त्यानं लायटर उलटं धरलं. बारका पेचकस लावला, स्प्रिंग उडू नये म्हणून बोट दाबून स्क्रू सोडवला, आणि टिचकी मारली. काडीचा तुकडा काचेवर पडला. काळा, एका टोकाला चाकाच्या आकाराची खाच पडलेला. दोघंही त्याच्याकडं बघत राहिले. रस्त्यावरून नांदेडची बस हॉर्न वाजवत गेली.

मग पुनमचंद कामाला लागला. जुन्या दात घासायच्या ब्रशनं चाकाचे दाते साफ केले, काजळी झटकली. बुडाच्या भोकात खिळा दाबून उरलासुरला गॅस सोडून दिला, गॅसचा डबा उलटा लावून नवा भरला. नवा खडा, स्प्रिंग, स्क्रू.

"लगेच पेटवू नका, वहिनी. गॅस गार असतो. जरा थांबा." आणि मग हळूच, "कुणासाठी हे?"

"त्यांच्यासाठी."

"घरीच ठेवा, वहिनी. तिकडं खाली काही नेऊन ठेवू नका. मेलेल्याला उजेडाची काय गरज..."

"तुमचा अंगठा शाबूत हाये, भाऊ," सिंधूबाई म्हणाली.

जरा थांबून पुनमचंदनं चाक फिरवलं. खर्र्. निळसर ज्योत उभी राहिली. सिंधूबाईनं लायटर घेतलं. काडीचा तुकडाही घेतला आणि पदराला बांधला, घट्ट गाठ मारून.

ऊन असतानाच ती खदानीत उतरली. ज्या दगडाशी तो सापडला होता त्या दगडावर लायटर ठेवलं. तळाला गारवा होता आणि वास होता, ओल्या लोकरीचा, मेंढरं तिकडं हल्ली कधी जात नसताना. ती वर आली, ओट्यावर बसली.

दिवेलागण झाली. आवाज आला नाही. माळावर टिटवी ओरडून गेली. सिंधूबाई पोत्यावरून अर्धी उठली. गेलेच का आधीच?

आणि मग, स्वच्छ, चरचरीत...

खर्र्.

खदानीच्या तोंडावर पिवळा उजेड उमटला.

"दिसलं का वो?" ती ओट्यावरूनच म्हणाली. डोळे भरून आले होते. "दिसली का वाट?"

उजेड हलला. माणूस हात वर करून आजूबाजूला बघतो तसा तो उजवीकडं सरकला, मग डावीकडं. खदानीच्या भिंतीवर हाताची सावली पडली आणि पुसली गेली. उजेड फिरत फिरत आला आणि एका जागी थांबला. तिथंच थांबून राहिला. थरथरायला लागला. एवढ्या दिवसांत ग्यानबाचा गळा तिनं ऐकला नव्हता, तो आत्ता ऐकला. बोल नव्हता. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज, आणि तो बाहेर सोडल्याचा आलाच नाही.

मग कुणीतरी फुंकर घातली.

फू...

उजेड गेला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

वाड्यातली सगळी मेंढरं एकदम उभी राहिली. आज त्यांनी पाठ केली नव्हती. सगळ्यांची तोंडं खदानीकडं होती. सिंधूबाई आत गेली आणि ग्यानबा गेल्यापासून पहिल्यांदा तिनं दाराला कडी लावली.

सकाळी लायटर ओट्यावर होतं. तिच्या पोत्याच्या मधोमध, सरळ ठेवलेलं. त्याच्याशेजारी चकमकीचा खडा, नवाकोरा, एका टोकाला जेमतेम घासलेला. तिनं पदर चाचपला. गाठ होती तशीच घट्ट होती. सोडून बघितली तर आत काही नव्हतं.

पुनमचंद टपरीचं फळकुट उघडत होता तोवर ती हजर.

"त्यांनीच परत केला खडा," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "उजेड नको झाला त्यांना, भाऊ. त्यापेक्षा अंधार बरा वाटला. आत बघा, काडी असंल."

पुनमचंदनं पेचकस लावला. स्क्रू हलेना. त्यानं जोर केला, फडकं गुंडाळून धरलं, तेव्हा कुठं करकरत सुटला. स्प्रिंग सरळ होती. काडीचा तुकडा नळीत बसवला होता, खाचेची बाजू चाकाकडं, अगदी जिथल्या तिथं.

पुनमचंदनं पेचकस खाली ठेवला.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्यापेक्षा बराबर बसवलंय."

सिंधूबाई त्याच्याकडं बघत होती.

"ग्यानबाला... हे कधी जमलं होतं का? एकदा तरी?"

पुनमचंदनं स्क्रू पुन्हा बसवला, लायटर बोटांच्या टोकांनी उचललं आणि तिच्याकडं सरकवलं. टपरीत ठेवून घ्या, असं ती म्हणायच्या आत तो फळकुट लावायला लागला होता.

संध्याकाळी सिंधूबाई ओट्यावर बसली नाही. दार लावून, देवळीतला दिवा लावून, भिंतीला टेकून बसली. लायटर ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, कुलूप लावून. साधनाचा फोन वाजून वाजून थांबला. दिवेलागण झाली.

खुर्र...

तिला रडू आलं. आहेत. गेले नाहीत. तिथंच आहेत.

खुर्र... खुर्र... खुर्र...

असं कधी फिरलं नव्हतं चाक. मध्ये दम नव्हता. मागं कुणी लागल्यासारखं एकामागं एक. ती कान देऊन ऐकत राहिली, आणि त्या आवाजांच्या मधल्या फटीत तिला दुसरं काहीतरी ऐकू यायला लागलं. मऊ. सावकाश. प्रत्येक खुर्रनंतर, अगदी लगटून...

फू...

काडीवर ठिणगी उडत नाही. तिथं विझवायला ज्योत नव्हतीच.

खुर्र...

फू...

देवळीतल्या दिव्याची ज्योत वाकली. घरात वारा नव्हता, दार लावलेलं होतं. ज्योत सरळ झाली आणि पुन्हा वाकली, खदानीच्या उलट्या बाजूला.

सिंधूबाई उठली. देवळीपाशी गेली. उजेडात त्यांना जे दिसलं ते तिला बघायचं नव्हतं. दोन बोटांना थुंकी लावली आणि कुणी दुसऱ्यानं विझवायच्या आधी दिव्याची वात तिनं स्वतःच चिमटीत धरून विझवली.