निद्राताईचा मत्सर

दारावरचा लाल दिवा तिला दिसलाच नाही. जुने अंक काढायचे म्हणून ती घाईघाईने गोदामाच्या खोलीत शिरली, आणि ओल्या गोंदाचा वास नाकात जाताच सणसणीत शिंकली.

खोलीत अंक नव्हतेच. भिंतींना करडा फोम चिकटवला होता, मध्ये माईक उभा होता आणि कानांवर हेडफोन चढवलेला एक तरुण तिच्याकडे बघत होता.

"सॉरी... इथे आमचं गोदाम होतं."

"आता स्टुडिओ आहे. तुमची शिंक रेकॉर्ड झालीय," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "छान आहे, खणखणीत. पण झोपेच्या कार्यक्रमात वापरायची कुठे, तेवढं सांगा."

गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीसाठी त्यांचं ऑफिस 'उशाशी' नावाचं मासिक काढायचं. त्यात 'निद्राताईचा सल्ला' हे सदर ती लिहायची. वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायची, त्यामुळे ऑफिसात तिचं नावच निद्राताई पडलं होतं. वय सव्वीस आणि स्वतःची झोप म्हणाल तर बेताचीच! आता कंपनीने फर्मान काढलं होतं. लोक गादीवर पडून मासिक वाचत नाहीत, फोन घेऊन पडतात. तेव्हा कागद बंद, निद्राताई यापुढे पॉडकास्टमधून लोकांच्या कानात बोलणार. त्यासाठीच हा ध्वनिमुद्रक आला होता. पंख्याची कुरकुरसुद्धा त्याला दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायची, म्हणून आठवड्याभरात सगळे त्याला कानसेन म्हणू लागले.

"म्हणजे निद्राताई तुम्हीच?" त्याने विचारलं. "मी ताई म्हणणार नाही हं... आधीच सांगतो."

"का?"

"असंच," म्हणत तो उगाच वायरी गुंडाळू लागला.

तिने लिहिलेली पहिली स्क्रिप्ट त्याने तिलाच मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्या ओळीपर्यंत तिला धाप लागली.

"बघ. हे वाक्य डोळ्यांनी वाचायला सुंदर आहे. कानाला मात्र जिना चढल्यासारखं वाटतं."

"मग काय, बाराखडी लिहू?"

"नको. तू रागावल्यावर बोलतेस ना, तसं लिही. छोटं छोटं."

हळूहळू तिला जमू लागलं. ऐकणारे कुठल्या क्षणी सोडून गेले, हे सांगणारी एक रेघ तो तिला पडद्यावर दाखवायचा. गादीचं नाव आलं की रेघ धाडकन कोसळायची! मासिकात वाचक कुठे जांभई देऊन पान उलटतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं. दोघांनी मिळून मार्केटिंगच्या साहेबांच्या गळी उतरवलं की गादीचं नाव फक्त शेवटी, एकदाच घ्यायचं. वरच्या पत्र्यावर पावसाची सर आली की रेकॉर्डिंग थांबायचं. मग दोघं अंधाऱ्या खोलीत नुसती बसून राहायची. पाऊस थांबला तरी तो म्हणायचा, "अजून एखादा थेंब पडेल... थांबूया." आणि तीही थांबायची.

पण माईकसमोर तिची बोबडी वळायची. मग एक आवाजवाली आणली गेली. तिच्या आवाजात मध होता, दिसायलाही ती चारचौघींत उठून दिसणारी होती.

इथून निद्राताईची खरी झोप उडाली.

कानसेन आवाजवालीसाठी रोज कोमट पाणी आणायचा. माईक तिच्या ओठांच्या उंचीला आणताना वाकायचा. काचेपलीकडून आवाजवाली हळुवार म्हणायची, "झोप येत नाहीये? मग जरा माझ्याशी बोल ना..." आणि हा डोळे मिटून ऐकायचा. ते वाक्य निद्राताईने लिहिलं होतं. कोणाला मनात धरून लिहिलं होतं, ते तिलाच ठाऊक! आणि म्हणत होती दुसरीच. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"ती पाणी पिताना आवाजसुद्धा करत नाही म्हणे," एकदा घरी जेवताना ती फणकारली.

"ताई, तू जळतेयस," धाकटी बहीण ताटातून मान वर न करता म्हणाली.

"मी कशाला जळू?"

"मग पाण्याचा विषय कशाला?"

दुसऱ्या दिवशी निद्राताईने नवी स्क्रिप्ट लिहिली. मन लावून लिहिली, आणि एकही वाक्य सरळ लिहिलं नाही. 'शिथिल शय्येवरच्या स्वस्थ श्वासोच्छ्वासाने सुषुप्तीचा सुस्पष्ट स्पर्श साधतो...' लिहिताना तिला विलक्षण आनंद झाला.

नेमके त्याच दिवशी मार्केटिंगचे साहेब रेकॉर्डिंग ऐकायला आले. आवाजवाली 'श्वासोच्छ्वासा'वर अडखळली. हसली, पाणी प्यायली, पुन्हा अडखळली. मग तिचा आवाज कापायला लागला आणि साधे शब्दही चुकू लागले. कानसेनने एकदाच मागे वळून निद्राताईकडे पाहिलं.

"असं असेल तर मशीनचा आवाज लावू," साहेब खुर्ची मागे सारत म्हणाले. "ते अडखळत नाही. बाईंना कळवून टाका."

काचेपलीकडे आवाजवालीला ते ऐकू आलं नव्हतं. ती कागदावर बोट ठेवून तेच वाक्य ओठांतल्या ओठांत घोकत होती, शाळेतल्या मुलीसारखी. निद्राताई उठून उभी राहिली. हिचं काय चुकलं होतं? गोड बोलते, एवढंच ना?

"साहेब, चूक त्यांची नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम अवघड लिहिलं."

"मुद्दाम? का?"

"ते... नाही सांगता येणार. पण मला अर्धा तास द्या. आणि मशीनचं म्हणाल, तर मला झोप येत नसताना मशीनने 'माझ्याशी बोल' म्हटलेलं नाही चालणार. तुम्हाला चालेल?"

साहेबांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. तिने तिथेच खाली बसून, मांडीवर कागद घेऊन सगळं नव्याने लिहिलं. आवाजवालीने ते एका दमात वाचलं, इतकं छान की साहेबांनीच शेवटी जांभई दिली आणि ओशाळून हसले.

जाताना आवाजवालीने तिला जिन्यात गाठलं.

"काचेतून सगळं दिसतं मला. तुला तो आवडतो, तर त्याला सांग ना. माझी जीभ कशाला मोडतेस?"

"माफ कर गं... फार वाईट वागले मी."

"केलं माफ. आणि ते कोमट पाणी ना, माझ्या घशाची खरखर माईकमध्ये येते म्हणून. अगदी चिडून आणतो तो!"

निद्राताई परत आली तेव्हा कानसेन एकटाच बसला होता.

"इतकी ओबडधोबड वाक्यं तुझ्याकडून चुकून होत नाहीत," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला राग आला. ती बिचारी रडकुंडीला आली होती."

"हो."

"का केलंस?"

"मला... मत्सर वाटला."

"कोणाचा?"

"तिचा. पाण्याच्या पेल्याचा. त्या माईकचासुद्धा!" एकदा सुटल्यावर ती थांबेना. "तू डोळे मिटून ऐकतोस तिला—"

"तिला?" आता तो वळला. "अगं, मी वाक्यं ऐकतो. डोळे मिटले की ती तुझ्या तोंडून ऐकू येतात."

पत्र्यावर पाऊस नव्हता, तरी ती थांबली.

"आता माझंही ऐक," तो चाचरत म्हणाला. "श्रोते फोनवरून आवाजी निरोप पाठवतात ना... त्यातला एकजण दर आठवड्याला पाठवतो. 'निद्राताई, उत्तरं तुम्ही स्वतः लिहिता ना? तुम्हाला भेटायचंय.' मी तो निरोप प्रत्येक भागातून कापला."

"आवाज खराब होता?"

"स्वच्छ होता. तरी कापला."

तिला हसू आवरेना. "लाव की... ऐकू दे."

तोंड पाडून त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवले आणि निरोप लावला. तिने मुद्दाम डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला.

"छान आवाज आहे हो याचा," ती म्हणाली. कानसेनच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. आपल्यासाठी कुणीतरी असं जळतंय, हे बघणं इतकं गोड असतं? "परत लाव ना..."

त्याने लावला नाही. तिच्या कानावरून हेडफोन अलगद बाजूला केला, वाकला, आणि जे सांगायचं होतं ते अगदी हळू सांगितलं.

"काय म्हणालास? नीट ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

"खोटारडी!" म्हणत त्याने पुन्हा सांगितलं.